दारातल्या झाडाला माणूस बोलावताना: बऱ्हाणपूर आणि सीमेपलीकडच्या वाचकांसाठी माहिती

बऱ्हाणपूर | प्रतिनिधी

एप्रिल संपत आला की आपल्या गल्ल्यांमधून मोटारसायकली फिरू लागतात. मागे दोराचं वेटोळं, कुऱ्हाड, हल्ली पेट्रोलवर चालणारी कटर मशीनही. दारासमोर थांबून माणूस वर झाडाकडे बघतो आणि विचारतो, "छाटायचं का? मजुरी नको. लाकूड आमचं."

ऐकायला बरं वाटतं. पाऊस तोंडावर असतो, वादळाची भीती असते, पानांच्या कचऱ्यावरून शेजारी कुरकुरत असतात. आपण हो म्हणतो. मीही म्हणालो होतो, साधारण आठ वर्षांपूर्वी, घरामागच्या कडुनिंबासाठी. तासाभरात त्यांनी झाड गच्चीच्या उंचीवर सपाट करून टाकलं. ट्रॉली भरून लाकूड गेलं, एक रुपया द्यावा लागला नाही, आणि घरात सगळे म्हणाले की वा, काय उजेड आला. पुढच्या पावसाळ्यात कापलेल्या टोकांवरून केरसुणीसारखे शे-दीडशे कोंब आले. ते सरळ वर गेले, जाड झाले. चौथ्या वर्षी जूनच्या वावटळीत त्यातली एक फांदी बुडातून सुटली आणि शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडली. पत्रे मी भरून दिले. केबलवाल्याचे पैसे वेगळे.

कॉमर्सला असताना सरांनी एक गोष्ट डोक्यात बसवली होती. जिथे खर्च दिसत नाही तिथे तो दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात टाकलेला असतो. फुकटच्या छाटणीचं तसंच आहे. ज्याची मजुरी लाकडातून निघते, त्याला जाड फांदी हवी असते. जाड फांदीला वखारीत वजनावर भाव आहे, वाळक्या काड्यांना नाही. झाडाची गरज बरोबर उलटी असते. वाळलेलं, आडवंतिडवं, एकमेकांवर घासणारं काढायचं आणि जाड, निरोगी फांद्या राखायच्या. म्हणजे आपण ज्याला कामाला लावतो त्याचा फायदा आपल्या झाडाच्या तोट्यात असतो. त्या माणसाची लबाडी यात नाही. व्यवहारच तसा ठरवलेला असतो, आणि तो आपण ठरवलेला असतो.

म्हणून पहिली गोष्ट: मजुरी रोख द्या आणि लाकूड स्वतःच्या नावावर ठेवा. नंतर विकायचं असेल तर वेगळं विका. हे एक केलं तरी निम्मं झाड वाचतं.

कोण कोण मिळतं

मुंबई-पुण्याकडे झाडांची तपासणी करणारे प्रशिक्षित लोक आता मिळतात, त्यांना 'आर्बोरिस्ट' म्हणतात. बऱ्हाणपुरात अशी पाटी मी तरी पाहिलेली नाही. आपल्याकडे जे मिळतात ते असे.

आरा मशीनशी किंवा लाकडाच्या वखारीशी बांधलेली टोळी. यांचं चढणं आणि दोर लावणं उत्तम असतं. अख्खं झाड उतरवायचं असेल, परवानगी हातात असेल, तर यांच्यासारखे हेच. पण हलक्या छाटणीसाठी बोलावलं तर समोर उभं राहावं लागतं.

मजुरांच्या नाक्यावर मिळणारा चढणारा माणूस. रोजावर येतो. सांगाल तेवढंच कापतो, पण सांगायला तुम्हाला कळलं पाहिजे.

नर्सरीचा माळी. पेरू, लिंबू, सीताफळ, लहान आंबा, कुंपणाची मेंदी यांसाठी हाच योग्य. शिडीच्या वर याला चढवू नये. बहुतेक माळी स्वतःच नाही म्हणतात आणि ते बरोबर आहे.

कटर मशीनवाला ठेकेदार, गरज पडली तर क्रेन आणणारा. घर आणि झाड चिकटून असेल, खाली फांदी सोडायला जागाच नसेल, तिथे हा लागतो. महाग पडतो, पण घराचं छप्पर त्याहून महाग.

यांपैकी कोणालाही विचारायचा एक प्रश्न मी राखून ठेवला आहे: "तू काय काय ठेवशील?" काय काढशील असं सगळेच विचारतात. काय ठेवणार हे जो झाडाकडे बोट दाखवून सांगू शकतो, त्याने झाड पाहिलेलं असतं. "वरून सगळं सारखं करून टाकू" असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या.

भाव ठरवताना काम उक्तं ठरवा, रोजावर नको. आणि त्यात चार गोष्टी आधीच बोला: कोणत्या फांद्या (खडूने किंवा चुन्याने खूण करून), पाला-काड्या कोण उचलणार, खाली काही फुटलं तर कोण भरणार, आणि पैसे काम संपल्यावर. सगळ्यात जास्त भांडणं पाल्यावरून होतात. माणसं निघून जातात आणि अंगणात कमरेएवढा ढीग राहतो. तो उचलायला दुसरी ट्रॉली लावावी लागते आणि उक्त्याची सगळी बचत तिथे जाते.

आधी झाड धोक्याचं आहे का ते बघा

झाड उंच आहे म्हणून धोक्याचं नसतं. वर्षानुवर्षं तिरकं वाढलेलं झाडही सहसा धोक्याचं नसतं, त्याने आपली मुळं त्या हिशेबाने पसरलेली असतात. घाबरायचं ते नव्याने आलेल्या तिरकेपणाला. कलत्या बाजूच्या उलट दिशेची जमीन उचललेली दिसते, तिथे भेग पडते. पावसाळ्यात अशी भेग दिसली तर त्या दिवशी त्या झाडाखाली गाडीसुद्धा लावू नका.

बुंध्याशी किंवा मुळांवर अळंबीसारख्या छत्र्या येत असतील तर आत लाकूड कुजतंय. दोन जाड फांद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या चिकटून वर गेल्या असतील आणि मधल्या सांध्यात साल आत दबलेली असेल, तर तो सांधा कच्चा. नुसती ढोली असणं मात्र मरण नव्हे. झाडाचा जिवंत भाग बाहेरच्या बाजूला असतो. आतून पोकळ झालेला वड बाहेरचं लाकूड जाड असेल तर नळीसारखा उभा राहतो. ढोलीत सिमेंट भरायची जुनी पद्धत सोडून द्या. सिमेंट वाऱ्यात हलत नाही आणि झाड हलतं, त्यामुळे आतून घासून कूज वाढते.

गुलमोहर, शेवगा, सुबाभूळ यांचं लाकूड ठिसूळ. घराशेजारी मोठा गुलमोहर असेल तर दर एक-दोन वर्षांनी त्याचं ओझं थोडं हलकं करावंच लागतं. चिंच आणि कडुनिंब चिवट. आपल्याकडे वावटळीत केळीच्या बागा आडव्या होतात, पण बांधावरची चिंच बहुधा उभी दिसते.

आणखी एक गैरसमज. कंपाउंडच्या भिंतीला तडा गेला की दोष कडुनिंबावर येतो. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात फुगते. झाड नसलेल्या प्लॉटच्या भिंतीही तडकतात. झाड जमिनीतलं पाणी ओढून त्यात भर घालतं हे खरं, पण पाया उथळ असेल तर झाड कापूनही भिंत वाचत नाही.

काप कसा घ्यायचा

हे समजून घेतलं तर समोर उभं राहून नीट काम करून घेता येतं.

जाड फांदी एका दमात वरून कापली की अर्धवट कापल्यावर ती आपल्या वजनाने मोडते आणि खोडाची साल हातभर सोलत खाली जाते. ती जखम भरत नाही. म्हणून तीन काप. पहिला खालच्या बाजूने, खोडापासून दीड-दोन वीत अंतरावर, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. फांदी गळून पडते आणि साल शाबूत राहते. आता खोडाला एक खुंट उरतो. तिसरा काप त्या खुंटाचा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, बोटाने चाचपलं तरी लागतं. त्या कड्याच्या अगदी बाहेरून कापायचं. कडं कापून खोडाला सपाट केलं तर जखम मोठी होते. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज आत शिरते.

या कड्याचं महत्त्व जगाला समजावलं अ‍ॅलेक्स शायगो या अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञाने. कटर मशीनने त्याने हजारो झाडं उभी चिरून आत पाहिली. त्याचं सांगणं असं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंत घालतं आणि पुढे नवं लाकूड वाढवतं. ती भिंत घालायची ताकद त्या फुगीर कड्यात असते.

कापावर ऑइलपेंट किंवा डांबर फासायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते. आंबा आणि लिंबूवर्गीय झाडांसाठी मात्र बोर्डो पेस्टची शिफारस कृषी खात्याचे लोक करतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, आणि भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नाही. पावसाळ्याच्या आधी खोडाला तीन फुटांपर्यंत हीच पेस्ट लावली तर डिंक्या आणि बुरशीला आळा बसतो.

एका वेळी झाडाचा चौथ्या हिश्शापेक्षा जास्त पसारा काढू नये. झाड पानांवर जगतं. पानं गेली की ते साठवलेलं अन्न खर्चून घाईघाईने कोंब काढतं, आणि माझ्या कडुनिंबाचं जे झालं ते होतं.

मे महिना चुकीचा

आपण सगळे मे महिन्यात जागे होतो. पण बऱ्हाणपूर-रावेर-भुसावळ पट्ट्यात त्या वेळी पारा 44-45 अंशांवर असतो. सावलीत वाढलेली खोडाची साल अचानक उघड्यावर येते आणि भाजून तडकते. त्याच फटीतून कीड शिरते. पानगळ होणाऱ्या झाडांची मोठी छाटणी नवी पालवी फुटायच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत करावी. आंब्याची फळं उतरवल्यावर लगेच, म्हणजे जून-जुलैत, उघडीप बघून. वाळलेली किंवा मोडून लटकलेली फांदी मात्र कधीही काढावी, तिला मुहूर्त नाही.

मे मध्ये करावंच लागलं तर उघड्या पडलेल्या खोडाला आणि जाड फांद्यांना पातळ चुना मारा. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुना मारतात त्यातही ऊन परतवण्याचा हाच उपयोग आहे.

छाटणीआधी घरटी बघून घ्या. पक्ष्यांची घरटी-अंडी नष्ट करणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसतं. कावळे, साळुंक्या, बगळे यांची वीण साधारण उन्हाळा-पावसाळ्यात असते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीची छाटणी याही हिशेबाने सोयीची.

कागद: अलीकडे आणि पलीकडे

झाड आपल्या अंगणात आहे म्हणून ते कापायचा हक्क आपला, हा समज दोन्ही राज्यांत चुकीचा आहे.

बऱ्हाणपूर शहरात, तसंच नेपानगर, शहापूरसारख्या नगरीय हद्दीत, मध्यप्रदेश वृक्षों का परिरक्षण (नगरीय क्षेत्र) अधिनियम, 2001 लागू आहे. खासगी जागेतलं झाड पाडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. चौकशी नगर निगमात किंवा नगर परिषदेत करायची. अर्ज हिंदीत. विषयाच्या ओळीत 'वृक्ष की कटाई' की 'वृक्ष की छंटाई' हे स्पष्ट लिहा, कारण दोन्हींकडे बघण्याची नजर वेगळी असते. सोबत मालमत्ता कराची पावती, झाडाचे दोन-तीन बाजूंनी फोटो आणि धोका कशाला आहे तो भाग दिसणारा एक फोटो जोडा. नुसत्या छाटणीसाठीही एक अर्ज देऊन पोच घेऊन ठेवावी. उद्या कोणी तक्रार केली तर ती पोच कामाला येते. परवानगी मिळाली तर बदली झाडं लावायची अट सहसा असते.

गावातल्या, शेतातल्या झाडांसाठी मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 चे नियम आहेत. तिथे रस्ता तहसील कार्यालयातून जातो. आणि कापलेलं लाकूड ट्रॉलीत घालून दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याचं वन विभागात आधी विचारा. राज्याची सीमा ओलांडायची असेल तर नक्कीच विचारा. इच्छापूरच्या पुढे महाराष्ट्र सुरू होतो. तिथे नाक्यावर ट्रॉली अडली की "आमच्याच अंगणातलं आहे हो" हे सांगून भागत नाही.

पलीकडे रावेर, मुक्ताईनगर, भुसावळ, जळगावच्या नगरपालिका-महापालिका हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 आहे. 2021 च्या दुरुस्तीने त्यात 50 वर्षांहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटलं आहे, आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली आहे. म्हणजे आजोबांनी लावलेल्या साठ वर्षांच्या चिंचेबदली साठ रोपं. ग्रामीण भागात 1964 चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, अंजन ही आपल्या ओळखीची झाडं आहेत. चौकशी वन परिक्षेत्र कार्यालयात.

आपल्यापैकी अनेकांचं घर एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात. झाड जिथे उभं आहे तिथला कायदा लागतो, मालक जिथे राहतो तिथला नाही.

झाड शेजाऱ्याचं आहे, पडायला आलं आहे आणि शेजारी ऐकत नाही, असंही होतं. आधी एक साधं पत्र लिहून द्या आणि पोच घ्या. तरीही नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे एसडीएमकडे, अर्ज करता येतो. पडून इजा होईल अशा स्थितीतलं झाड काढायचा किंवा त्याला आधार द्यायचा हुकूम ते देऊ शकतात. 1 जुलै 2024 च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 होतं. जुने वकील अजून तोच आकडा सांगतात. हा कायदा केंद्राचा, त्यामुळे दोन्हीकडे सारखा. रस्त्यावरच्या सरकारी झाडाबद्दल मध्यप्रदेशात नगर निगम दाद देत नसेल तर 181 वर सीएम हेल्पलाइन.

तारा

विजेच्या तारेला टेकलेली फांदी आपल्या माणसाला कापायला लावू नका. हे एकच वाक्य या लेखातून लक्षात राहिलं तरी चालेल. ओलं लाकूड वीज वाहून नेतं आणि हिरवी फांदी कायम ओली असते. मुख्य लाइनच्या तारेला हात लावावाच लागतो असं नाही, जवळ गेलं तरी झटका बसू शकतो. 1912 वर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या, आणि लाइन बंद झाल्याची खात्री लाइनमन समोर असताना करून घ्या. "आत्ता लोडशेडिंग आहे, पटकन उरकून टाकू" हा विचार सगळ्यात घातक. वीज कधी परत येईल ते कोणाला माहीत नसतं, आणि कोणाच्या तरी घरचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलटी वीज सोडू शकतो.

आंबे, चिंचा उतरवायच्या आकडीची काठी बांबूची ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप हलका असतो म्हणून लोक तो वापरतात. तारांजवळ तोच जीव घेतो. शेवग्याच्या शेंगा काढतानाही हेच.

वर चढणारा माणूस

आपण छपराचा विचार करतो, कुंड्यांचा करतो. वर जो चढतो त्याचा हिशेब कोणी करत नाही.

किमान एवढं बघा. दोन माणसं असावीत, एक वर आणि एक खाली. वरच्याच्या कमरेला बांधलेला दोर तो ज्या फांदीवर काम करतोय तिच्यावर नाही, वरच्या मजबूत फांदीवरून गेलेला असावा. डोक्याला हेल्मेट, दुसरं काही नसेल तर मोटारसायकलचं. कटर मशीन एका हाताने किंवा खांद्याच्या वर उचलून चालवायची नाही. दारू प्यायलेल्याला परत पाठवायचं, मग ॲडव्हान्स गेला तरी चालेल. पावसात, वाऱ्यात काम बंद. खाली पोरांना उभं राहू देऊ नका, मोबाइलवर व्हिडिओ काढायला तर मुळीच नाही.

आणि पैशाची गोष्ट. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे. वय 18 ते 70, बँकेत खातं हवं, अपघाती मृत्यूला 2 लाख. मुदत 1 जून ते 31 मे. मध्यप्रदेशातल्या मजुराचं संबल योजनेत नाव असेल तर अपघाती मृत्यूसाठी 4 लाखांची तरतूद आहे. कामाला येणाऱ्याला विचारा, "विमा काढलाय का?" बहुतेकांना आठवत नाही. खात्यातून दरवर्षी वीस रुपये कापले जातात का, हे पासबुकात बघायला सांगा. नसेल तर फॉर्म बँकेत मिळतो, वीस रुपये आपण द्यावेत. नंतर येऊन काम करायला सांगितलं तरी तो येतो. मी हे दोघांच्या बाबतीत केलं आहे. एकाच्या खात्यात शिल्लकच नव्हती म्हणून आधीच्या वर्षीचा विमा बंद पडला होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

छाटणीची वेळच कमी यावी म्हणून

झाडाला पाणी बुंध्याशी ओतू नये. पाणी पिणारी बारीक मुळं पसाऱ्याच्या कडेखाली असतात. दुपारी बारा वाजता सावली जिथे संपते तिथे गोल आळं करा. उन्हाळ्यात रोज बादलीभर देण्यापेक्षा आठ-दहा दिवसांतून एकदा भरपूर आणि सावकाश द्या. काळ्या मातीच्या भेगा आधी मातीने बुजवा, नाही तर पाणी सरळ खाली निघून जातं.

आळ्यात आच्छादन घाला. आपल्या जिल्ह्यात केळीचा वाळलेला पाला आणि खांबाचे तुकडे कुठेही मिळतात, शेतकरी ते कसे टाकावेत या विवंचनेत असतो. केळीचा खांब पाणी धरून ठेवतो. त्याचे तुकडे करून अंथरले की मे महिन्यातही खालची माती ओली लागते. फक्त बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, खोडाला ओल लागायला नको. गळलेला पाला झाडाखाली पेटवू नका. बुंध्याची साल एकदा भाजली की झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांत मरतं, आणि तोवर आपण आग विसरलेलो असतो. जूनमध्ये दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत पुरे.

अंगणात फरशी किंवा काँक्रीट करताना बुंध्याभोवती निदान एक मीटर मोकळं सोडा. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये हेच अंतर सांगितलं होतं. पाइपलाइनचा चर शक्यतो दूरून न्या. 2022 मध्ये बऱ्हाणपूर देशातला पहिला हर घर जल प्रमाणित जिल्हा ठरला, नळ ही चांगलीच गोष्ट. पण चर खणताना मनगटाएवढं मूळ आलं तर ते तोडण्याऐवजी पाइप त्याच्या खालून सरकवायला प्लंबरला सांगा. तोडलेल्या मुळाचा परिणाम वर दोन-तीन वर्षांनी दिसतो, शेंडा वाळायला लागतो.

आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर भिरूड लागला. भोक शोधा, तार घालून अळी ओढून काढा किंवा मारा, पेट्रोलचा बोळा आत सरकवा आणि चिखलाने लिंपून टाका. त्या वेळी विडी-काडी लांब ठेवा. बांडगूळ दिसायला हिरवंगार आणि लाल-केशरी फुलांचं असतं, म्हणून लोक ते राहू देतात. फुलटोचे त्याची चिकट फळं खाऊन बिया फांदीफांदीवर पुसतात. नुसतं बांडगूळ खुडून उपयोग नाही, ते चिकटलंय तिथून फूटभर मागून फांदीच कापावी लागते, आणि तीही फळं धरायच्या आत.

जुन्या वाड्यांच्या भिंतीतला पिंपळ चार पानांचा असतानाच काढा. मूळ विटांत शिरल्यावर तो उपटला तर भिंत सुटते. तेव्हा गवंड्याला बोलावून थोडा भाग उकलून, मूळ काढून, पुन्हा चुना-सिमेंट भरावं लागतं.

नवं झाड लावताना वर बघा: तार आहे का? असेल तर कढीपत्ता, लिंबू, पेरू, सीताफळ, पारिजातक. कडुनिंब-आंबा भिंतीपासून निदान पंधरा-वीस फूट. नर्सरीत कोनोकार्पस झटपट वाढतो म्हणून देतात. शेजारच्या गुजरातने 2023 मध्ये त्याची लागवड बंद केली आहे. रोप लावताना प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढा आणि पिशवीत गोल फिरलेली मुळं सुटी करा. लोखंडी जाळी आणि आधाराची तार दोन-तीन वर्षांनी सोडायला विसरू नका. शहरात कित्येक झाडांच्या खोडात जुनी जाळी रुतलेली दिसते.

आंब्या-लिंबाच्या रोगांबद्दल विचारायचं असेल तर बऱ्हाणपुरात उद्यानिकी विभागाचं कार्यालय आणि रावेर तालुक्यात पाल येथलं कृषी विज्ञान केंद्र. जाताना दुखणाऱ्या फांदीचा तुकडा पिशवीत घालून न्या, मोबाइलवरच्या फोटोवरून नीट कळत नाही.

आमच्या त्या कडुनिंबाचं पुढे असं झालं. केरसुणीतले कोंब एकदम काढले नाहीत. तीन वर्षांत थोडे थोडे विरळ केले, प्रत्येक जुन्या टोकावर एक-दोन सरळ कोंब राखले. नाक्यावरचाच एक चढणारा माणूस दर फेब्रुवारीत येतो, रोख मजुरी घेतो. यंदा दीड तासाचं काम होतं. लाकूड दोन भारे निघालं. ते आम्हीच ठेवलं, बंबाला पंधरा दिवस पुरलं.